हुर्यो

हुर्यो हा मराठीतला मोठा मासलेवाईक शब्द आहे. त्याला अर्थ थोडा आणि आवाज फार. कुस्तीच्या फडात मल्लाची पाठ लागली की त्याची हुर्यो होते. काटाकाटीत पतंग गेला की गच्चीगच्चीवरून हुर्यो होते. सभेत वक्त्याची जीभ घसरली की मागच्या रांगेतून हुर्यो होते. फळ्यावर गुरुजींचे गणित चुकले तर वर्गातही होते, फक्त ती तोंडावर हात धरून. आम्हा शिक्षकांना तो आवाज पाठमोरे असतानाही ओळखता येतो. हुर्योला एकटा माणूस पुरत नाही. एकट्याने केली तर लोक त्याला वेडा म्हणतील. दहाजणांनी केली तर ती गंमत. पण दहा हजारांनी केली म्हणजे तिचे काय होते, याचा इतिहास आपल्याकडे कोणी फारसा लिहिलेला नाही. सामन्यांचा इतिहास धावांचा आणि गोलांचा असतो. कठड्याबाहेर बसलेल्या माणसांचा नसतो.

आमचे वाकड दोन क्रीडांगणांच्या मधोमध आहे. मुळेचा पूल ओलांडला की बालेवाडीचे क्रीडासंकुल, तेथे फुटबॉल; द्रुतगती मार्गाने मुंबईच्या दिशेला लागले की गहुंजे, तेथे क्रिकेट. २०१४ पासून २०१९ पर्यंत एफसी पुणे सिटी हा संघ आपले घरचे सामने बालेवाडीला खेळत असे. त्या दिवशी हिंजवडीच्या कचेऱ्यांतून सुटलेली तरुण मंडळी एकाच रंगाचे सदरे चढवून पुलाकडे निघत. गावाकडून आलेला मराठी मुलगा, केरळचा, बंगालचा, मणिपूरचा, सगळे एका गळ्याने ओरडत. गर्दी मोठी गोजिरवाणी दिसे. आणि तरीही ज्याने जगातील फुटबॉलच्या बातम्या वाचल्या आहेत, त्याच्या मनात जराशी धाकधूक होईच.

कारण युरोपात फुटबॉलच्या प्रेक्षकांनी जे केले आहे, ते वाचताना अंगावर काटा येतो. २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्सच्या हेसेल मैदानावर लिव्हरपूलचे समर्थक युव्हेंटसच्या समर्थकांवर धावून गेले. पळणाऱ्या लोकांच्या रेट्याने भिंत कोसळली आणि ३९ माणसे गेली. खेळ सुरू व्हायचा होता! १९८८ साली त्याच लिव्हरपूलच्या जॉन बार्न्स या कृष्णवर्णीय खेळाडूच्या पायाशी प्रेक्षकांतून केळे येऊन पडले. त्याने ते टाचेने सहज बाजूला सारले आणि तो पुढे खेळत राहिला. ते छायाचित्र जगभर गेले. अलीकडे, मे २०२३ मध्ये, स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या मैदानावर ब्राझीलच्या व्हिनिसियसला लोकांनी माकड म्हणून हिणवले, तेव्हा मात्र प्रकरण न्यायालयात गेले आणि वर्षभराने तिघांना आठ-आठ महिन्यांची शिक्षा झाली.

हे सगळे वाचून आपल्याकडचा सुशिक्षित माणूस एक सुस्कारा सोडतो आणि म्हणतो, गोरे लोक ते गोरेच! वर्णद्वेष त्यांच्या रक्तात. आपण त्याचे बळी. बोलणे अगदी खोटे नाही. दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश १९४६ साली आपलाच होता. आणि १९७४ साली डेव्हिस चषकाची अंतिम फेरी समोर असताना, वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी खेळायचे नाही म्हणून आपण चषकावर पाणी सोडले. असा त्याग किती देशांनी केला आहे? म्हणूनच पुढची हकीकत सांगताना जरा जड जाते.

१७ ऑक्टोबर २००७. मुंबईचे वानखेडे मैदान. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेतला शेवटचा एकदिवसीय सामना. ऑस्ट्रेलियाच्या संघात अँड्र्यू सायमंड्स नावाचा धिप्पाड फलंदाज होता. जन्म इंग्लंडमधला, जन्मदात्यांपैकी एकजण कॅरिबियन वंशाचा, वाढवले एका ऑस्ट्रेलियन कुटुंबाने. संघातला तो एकटाच सावळा. आठवड्यापूर्वी वडोदऱ्याच्या सामन्यात सीमारेषेशी उभा असताना लोकांनी त्याला उद्देशून माकडासारखे आवाज काढले होते. नागपूरच्या सामन्यातही तसे झाल्याचे बोलले गेले. आणि मुंबईत तर प्रेक्षागृहातली चांगली खातीपिती, धडधाकट माणसे काखा खाजवीत, गाल फुगवीत माकडचेष्टा करताना छायाचित्रकारांना सापडली. चौघांना पोलिसांनी बाहेर काढले. चित्र ऑस्ट्रेलियातल्या वर्तमानपत्रांत छापून आले. पाहणाऱ्याला आधी वाटावे की हे कोणाच्या तरी लग्नातले नाचणे आहे. इतका त्या चेहऱ्यांवर आनंद आहे.

वडोदऱ्याच्या प्रकारानंतर खुलासे झाले ते तर ऐकण्यासारखे होते. लोक माकड म्हणत नव्हतेच. ते गणपतीबाप्पाचा आणि मारुतीरायाचा गजर करीत होते, परक्या कानांचा घोटाळा झाला! आता बाप्पाचा गजर म्हणजे काय, हे पुणे जिल्ह्यात राहणाऱ्याला कोणी शिकवायला नको. दुसरा खुलासा अधिक गोड होता: आपल्याकडे माकड ही शिवीच नाही, आई लेकराला "माकडा, उतर खाली" म्हणतेच की. म्हणते खरी. पण ती आई असते, लेकरू तिचे असते, आणि खाली उतरल्यावर त्याच्या हातावर लाडू पडतो. कठड्याबाहेरच्या हजारो अनोळखी माणसांनी अकराजणांतला एकच सावळा माणूस निवडून त्याला तेच म्हणावे, याला लाड म्हणायचे असेल तर भाषेचे शिक्षक आम्ही, आमची पुस्तके मिटून ठेवलेली बरी.

खेळ चुकला म्हणून ओरडणे आणि खेळणारा कोणत्या पोटी जन्मला म्हणून ओरडणे, या दोहोंत जे अंतर आहे, ते त्या दिवशी पुसले गेले. आता प्रश्न असा की वानखेडेवरच्या त्या माणसांना हे कोठून सुचले? दूरचित्रवाणीवर युरोपचा फुटबॉल पाहून, असे काहींचे उत्तर आहे. माकडउड्यांपुरते ते मानावे. पण मैदानावर माणूस पाहताना त्याचा जन्म पाहायचा, हे शिकायला आपल्याला युरोपात जावे लागले नाही. ते आपल्या पुण्यात आणि मुंबईतच, सव्वाशे वर्षांपूर्वी, चांगल्या शिकलेल्या मंडळींनी शिकवलेले आहे. त्यासाठी बाळू पालवणकरांची गोष्ट सांगितली पाहिजे.

पालवण हे कोकणातले गाव. तेथल्या चांभार कुटुंबातले हे बाळू. वडील पलटणीत, जन्म धारवाडचा, वाढले पुण्याच्या लष्कर भागात. पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडण्या-लोटण्याचे काम मिळाले. पुढे साहेबांच्या पूना क्लबात गेले. पगार चार रुपये. तेथे जाळ्यात सराव करणाऱ्या साहेबांना चेंडू टाकायचे. फलंदाजी मात्र करू द्यायची नाही, ती साहेबाची. ग्रेग नावाचा मोठा फलंदाज होता. तो म्हणे बाद झाला की आठ आणे देई. आठ आण्यांची गोष्ट खरी असो वा खोटी, त्या सरावातून डावखुऱ्या फिरकीचा एक असा गोलंदाज तयार झाला की त्याच्यासारखा देशात दुसरा नव्हता.

आता पुण्याच्या हिंदू क्लबापुढे पेच पडला. साहेबाला हरवायचे आहे, त्यासाठी बाळू पाहिजे. आणि बाळू अस्पृश्य! त्यांनी जो तोडगा काढला, तो आपल्या समाजाच्या बुद्धीचे कौतुक वाटावे असा आहे. मैदानावर बाळूने हाताळलेला चेंडू सर्वांनी हाताळावा. चेंडूला विटाळ नाही. चहाच्या वेळी मात्र बाकीच्यांनी आत कपबशीतून चहा घ्यावा आणि बाळूने बाहेर मातीच्या भांड्यातून. जेवायला त्याचे पान वेगळे. हातपाय धुवायचे झाल्यास त्याच्याच जातीच्या नोकराने पाणी आणून कोपऱ्यात ओतावे. बळी घ्यायचे आणि बाहेर जाऊन बसायचे! साताऱ्याच्या साहेबांच्या जिमखान्याविरुद्ध बाळूंनी सात बळी घेतले, तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांनी जाहीरपणे मंडळींना टोचले की, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे? रानडे बोलले, पण जेवणघरातली पाने लगेच हलली नाहीत.

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईला आले आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. तेथेही काही सभासदांची कुरकुर झालीच. पण मुंबईची हवा पुण्याहून सैल. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना गाठले. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. विजय १०९ धावांनी. बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम दोघेही त्या संघात होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेला गेला, तेव्हा संघ धडाधड हरत असताना एकट्या बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. मुंबईत झालेल्या त्यांच्या सत्कारात मानपत्र लिहिण्याचे काम ज्या तरुणाने केले, त्याचे नाव भीमराव आंबेडकर.

एवढे सगळे होऊनही बाळूंना हिंदू संघाचे कप्तानपद कधी मिळाले नाही. वर्षानुवर्षे तो प्रश्न निघे आणि समिती दुसरे नाव जाहीर करी. एम. डी. पै हे सारस्वत गृहस्थ कप्तान झाले, तेव्हा सत्काराच्या सभेत ते उठून म्हणाले की हा मान माझ्या मित्राचा, बाळूचा होता. असे म्हणायलाही छाती लागते. बहुतेक लोक हार गळ्यात पडला की गप्प बसतात. १९२० साली कप्तानपद पुन्हा अनुभवाने धाकट्या अशा सवर्ण खेळाडूकडे जायची वेळ आली, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या पालवणकर बंधूंनी जाहीर पत्रक काढून संघातून अंग काढून घेतले. समितीची पाचावर धारण बसली. पै परत आले, बाळूंना उपकप्तान नेमले. आणि सामन्यात पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ तरी बाळूंनी संघ चालवावा.

आणि मग १९२३ साली विठ्ठल कप्तान झाले. या चौघा भावांतले फलंदाज म्हणून सर्वांत थोर. (त्यांनी आपले आत्मचरित्र मराठीत लिहून ठेवले आहे, आपल्या घरोघरच्या कपाटांत ते का दिसत नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय.) अंतिम सामना युरोपियनांशी झाला, हिंदू जिंकले आणि प्रेक्षक कठडा ओलांडून आत घुसले. याला आजच्या नियमांत बेशिस्त म्हणतील. त्या बेशिस्त गर्दीने काय केले? ज्याच्या बापजाद्यांच्या सावलीचा विटाळ मानत, त्या विठ्ठलांना उच्चवर्णीय हिंदूंनी खांद्यावर उचलून घेतले.

या प्रसंगाशी मी नेहमी थबकतो. समितीतल्या शहाण्यासुरत्या वकील-डॉक्टरांना जे करायला वर्षे लागली, ते बाहेरच्या उन्हात बसणाऱ्यांनी एका संध्याकाळी केले. गर्दी म्हटली की ती नीच, आणि जिमखान्यातला माणूस तेवढा सभ्य, हा आपला समज या ठिकाणी खाली बसतो.

पण गर्दीची दुसरी बाजूही त्याच स्पर्धेत आहे. मुंबईची ही स्पर्धा जातधर्मावर उभारलेली होती. आधी युरोपियन आणि पारशी, मग हिंदू, १९१२ पासून मुसलमान. आणि १९३७ पासून ख्रिस्ती, यहुदी वगैरे उरलेल्यांचा 'दि रेस्ट' हा पाचवा संघ. प्रेक्षकाने कोणासाठी ओरडायचे हे तिकीट काढण्यापूर्वी, नव्हे जन्मापूर्वीच ठरलेले! खेळ मात्र अप्रतिम होई. डिसेंबर १९४३ मधल्या अंतिम सामन्यात 'रेस्ट'च्या विजय हजाऱ्यांनी ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने केल्या, आणि हिंदूंकडून विजय मर्चंट २५० वर नाबाद राहिले. अशी मेजवानी दुसरीकडे कोठे मिळणार? म्हणूनच तर मुंबई वेडी होती. पण १९३७ साली, ब्रेबोर्न मैदान नवे कोरे उभे राहिले त्याच वर्षी, हिंदूंनी स्पर्धेतून माघार घेतली. कारण काय? काही तत्त्व? छे! प्रत्येक जिमखान्याला किती खुर्च्या मिळणार, यावरून भांडण. त्या वर्षी मुसलमान जिंकले.

डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गांधीजींकडे गेली. गांधीजींनी सांगितले की माझी सहानुभूती हे सामने बंद व्हावेत असे म्हणणाऱ्यांकडे आहे. धर्मावर संघ उभारणे मला समजत नाही. त्या वर्षी हिंदूंनी पुन्हा माघार घेतली. समर्थक म्हणत, आमच्या मैदानावर दंगा होत नाही, हिंदू मुसलमानाच्या फटक्याला टाळी देतो, मग बिघडले कोठे? यात तथ्य होते. १९४४ साली मुसलमानांनी एक गडी राखून हिंदूंना हरवले, तो सामना दोन्हीकडच्यांनी प्रेमाने आठवला. तरीही बाहेर देशाची फाळणी घडत असताना आत टाळ्या धर्मवार मोजायच्या, हे फार दिवस चालणारे नव्हते. १९४६ नंतर पंचरंगी सामना झाला नाही.

फुटबॉलचीही कथा अगदी वेगळी नाही. मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ चा. पहिली पंचेचाळीस वर्षे तो गोऱ्या पलटणींखेरीज कोणाला मिळाला नाही. मोहन बागान १९२३ साली अंतिम फेरीत येऊन हरले. शेवटी १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला आणि १९४० साली कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने. संघांची नावेच पाहा. साहेबाला हरवल्याचा आनंद सर्वांचा, आणि नाव मात्र एकाचे. म्हणजे आनंदातही फट राहिलीच. कलकत्त्यात तर पुढे क्लबाक्लबांचे वैर असे वाढले की १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल-मोहन बागान सामन्यात प्रेक्षकांची मारामारी होऊन १६ जण दगावले.

आपल्या मुंबईत एवढे मृत्यू झाले नाहीत, पण जाळपोळ झाली. नोव्हेंबर १९६९, ब्रेबोर्न, ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी. भारताचा दुसरा डाव गडगडत होता. व्यंकटराघवन यष्ट्यांमागे झेल गेल्याबद्दल बाद दिला गेला. लोकांच्या कानाशी ट्रान्झिस्टर होते, आणि समालोचकाच्या बोलण्यातून निर्णय चुकीचा असल्याचे निघाले. झाले! बाटल्या पडू लागल्या, खुर्च्या आणि कापड पेटले, मैदानावर धूर पसरला. ऑस्ट्रेलियाचा कप्तान लॉरी हटून बसला की खेळ थांबवायचा नाही. त्या धुरातच खेळ चालू राहिला. भारत हरला तो हरलाच, आठ गड्यांनी. ज्या मैदानावर सामना नीट पाहता येईना, तेथे बसून लोक सामन्यासाठीच आग लावत होते, हे तर्कात बसवायला मी पुष्कळ प्रयत्न केला आहे.

पाच वर्षांनी वानखेडे मैदान उभे राहिले. ते का उभे राहिले? पुन्हा खुर्च्या! ब्रेबोर्नचे मालक क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचे तिकिटांच्या वाटणीवरून पटेना, तेव्हा बॅरिस्टर शेषराव वानखेड्यांनी थोड्याच अंतरावर दुसरे मैदान बांधून काढले. जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिली कसोटी, वेस्ट इंडीजशी. त्यांचा कप्तान क्लाइव्ह लॉइड, चष्मा लावलेला, खांदे वाकवून चालणारा उंच काळा माणूस. त्याने नाबाद २४२ धावा काढून आपली पुरती धूळधाण केली. द्विशतक झाले तेव्हा एक तरुण प्रेक्षक कठडा ओलांडून त्याचे अभिनंदन करायला धावला. पोलिसांनी त्याला पकडून बदडले. आणि मग जी दंगल उसळली, तिच्यात त्या दिवसाचे शेवटचे सत्र वाया गेले.

नासधूस वाईटच, तिचे समर्थन मी करणार नाही. पण कारण पाहा. आपल्याच संघाला चोपणाऱ्या काळ्या परदेशी फलंदाजाला हात मिळवू पाहणारा एक पोरगा मार खातो, म्हणून मुंबईचे प्रेक्षक खवळतात. आणि त्याच मैदानावर, बत्तीस वर्षांनी, एका सावळ्या फलंदाजाला माकड ठरवून नाचतात. जागा तीच, शहर तेच. कदाचित १९७५ साली बापाच्या खांद्यावर बसून लॉइड पाहिलेला एखादा मुलगा २००७ साली चांगल्या जागी तिकीट काढून बसलाही असेल. मग मधल्या काळात बदलले काय? माझ्या मते पुष्कळसे खुर्च्यांनीच बदलवले. जिमखाने आणि संघटना शंभर वर्षे आपापसात भांडल्या, त्या कोण कोठे बसणार यावरून. तेथे बसून माणसाने कसे वागायचे, हा विषय समितीपुढे कधी आलाच नाही. २००७ चा प्रेक्षक महागाचे तिकीट काढून आलेला गिऱ्हाईक होता, आणि गिऱ्हाइकाला कोणी दटावीत नाही. म्हणून तर दटावण्याऐवजी गजराचा खुलासा निघाला.

नुसत्या गर्दीला दोष देऊन भागत नाही, हे वाकडकराला चैत्र पौर्णिमेला कळते. हिंजवडीहून म्हातोबाचे बगाड वाकडला येते. मुंगीला वाट मिळणार नाही अशी गर्दी, गुलालाने आकाश लाल, "म्हातोबाच्या नावानं चांगभलं" चा कानठळ्या बसवणारा आवाज. पण गळकरी कोण, खांदा कोणाचा, पुढे कोण चालणार, हे मान पिढ्यानपिढ्या ठरलेले. आणि ज्याला मान आहे त्याच्यावर जबाबदारी आहे. गर्दीत आपले कोणी ओळखीचे नाही असे तेथे वाटतच नाही. मैदानावरच्या माणसाला मान नाही आणि ओळखही नाही. नुसता आवाज आहे.

महाराष्ट्रात फुटबॉलचे खरे वेड पाहायचे तर कोल्हापूरला जावे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम. पेठांची नावे घेऊन संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि अख्खी पेठ पाठीशी बसते. तालमीत शिकलेला डाव आणि तालमीतला अभिमान, दोन्ही बरोबर येतात. या अभिमानापायी दगडफेक झाली आहे, पोलिसांना लाठ्या उचलाव्या लागल्या आहेत, मोठ्या सामन्याला शहरात बंदोबस्त लागतो. आणि याच पेठांनी आफ्रिकेतले खेळाडू आणून त्यांना आपला रंग चढवला आहे. काळा असो, परभाषी असो, गोल मारला की तो पेठेचा! शाहू महाराजांच्या गावाला हे शोभते. पण पलीकडच्या पेठेने त्याला काय म्हणावे, हेही पेठेच्या वडीलधाऱ्यांनीच शिकवावे लागते.

आपल्यावर पाळी येते तेव्हा आपल्याला सगळे स्पष्ट दिसते. जानेवारी २०२१, सिडनी. हैदराबादच्या रिक्षाचालकाचा मुलगा मोहम्मद सिराज सीमारेषेशी उभा होता. वडील नोव्हेंबरात वारले होते. मुलगा दौऱ्यावरच थांबला होता. प्रेक्षकांतून वर्णावरून शिव्या आल्या. आदल्या दिवशी बुमराहनेही ऐकल्या होत्या. सिराज थेट पंचांकडे चालत आला. कप्तान आपला डोंबिवलीचा अजिंक्य रहाणे. पंचांनी हवे तर मैदान सोडा अशी मोकळीक दिली होती, असे सिराजने मागाहून सांगितले; रहाणे म्हणाला, आम्ही खेळायला आलो आहोत, चूक आमची नाही. आठ-दहा मिनिटे खेळ थांबला, सहा प्रेक्षकांना बाहेर नेले. पुढे चौकशीत त्या सहांवरचा आरोप टिकला नाही, पण शिवीगाळ झाली होती हे ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने मान्य केले आणि माफी मागितली. आपल्याकडे घरोघर संताप झाला, आणि तो योग्यच होता. वानखेडेच्या त्या छायाचित्राची आठवण मात्र फार थोड्यांनी काढली.

अँड्र्यू सायमंड्स मे २०२२ मध्ये मोटार अपघातात गेला. भारतातल्या वर्तमानपत्रांनी लिहिताना २००८ सालचा सिडनीचा वाद आठवला; हरभजनसिंगवर त्याने वर्णद्वेषी बोलण्याचा आरोप केला होता, आणि अपिलात तो सिद्ध झाला नव्हता. त्याहून एक छोटीशी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. २०११ साली मुंबई इंडियन्सने सायमंड्सला बोली लावून घेतले होते. हरभजन त्याच संघात. घरचे मैदान वानखेडेच. चार वर्षांपूर्वी जेथे त्याच्याकडे पाहून काखा खाजवल्या होत्या, तेथे तो मुंबईचा निळा सदरा घालून क्षेत्ररक्षणाला उभा राहिला, आणि त्याच्या पाठीमागे बसलेल्या हजारोंच्या अंगातही तोच निळा सदरा होता.